ओरेक्सिन
मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील मोजक्या चेतापेशी स्रवत असलेले, जागेपण टिकविणारे रसायन. १९९८ मध्ये दोन संशोधकगटांना ते स्वतंत्रपणे आढळले. हायपोक्रेटिन हे त्याचे दुसरे नाव. ओरेक्सिन हे नाव भुकेच्या ग्रीक शब्दावरून पडले खरे, पण मोठे काम निघाले ते जागेपणाचे. दिवसभर साठणारे ॲडेनोसिन मेंदूला झोपेकडे ओढते (चहा-कॉफीतील कॅफिन त्यालाच अडविते). ओरेक्सिन मात्र हिस्टामिन व नॉरॲड्रेनॅलिन स्रवणाऱ्या पेशींना चेतवून जाग स्थिर ठेवते. ओरेक्सिनच्या पेशी बहुतांशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी जडते. बोलता बोलता डोळा लागतो, हसू फुटताच गुडघ्यांतले बळ जाते. असा विद्यार्थी वर्गात आळशी ठरतो आणि निदानाला अनेकदा वर्षे लागतात. २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सुवोरेक्संट हे निद्रानाशावरील औषध उलट ओरेक्सिनचीच वाट अडविते.