मोहल्ला कुणाचा, आळी कुणाची?

मराठी वर्तमानपत्रात ‘मोहल्ला’ हा शब्द आला की वस्ती कुणाची, हे पुढे लिहावे लागत नाही. वाचक आपोआप समजतो, मुसलमानांची. हिंदी पट्ट्यात असे होत नाही. लखनौ, बनारस किंवा पाटण्यात प्रत्येकाचाच एक मोहल्ला असतो, पंडिताचा आणि हलवायाचाही. मराठीत मात्र आळी, पेठ, गल्ली, चौक हे शब्द सर्वांचे झाले आणि मोहल्ला तेवढा एका समाजाच्या नावावर चढला. हे कसे झाले ते समजून घ्यायचे, तर रस्त्यांना आणि वस्त्यांना आपण जी नावे देतो त्यांच्या इतिहासात डोकवावे लागेल.

मोहल्ला मूळचा अरबी, ‘महल्ला’. ह-ल-ल या धातूचा अर्थ सोडणे, गाठ उकलणे. प्रवासी मुक्कामाला पोचला की उंटावरचे ओझे सोडतो, त्यावरून उतरणे, मुक्काम करणे हा अर्थ आला. जिथे ओझे उतरवायचे ती जागा म्हणजे महल्ला. आपला ‘महाल’ याच धातूचा. ‘हलाल’सुद्धा याचाच, बंधन सुटलेले म्हणजे परवानगी असलेले. शब्दाच्या मुळाशी धर्म नाही, मुक्काम आहे. इस्तंबूलमध्ये आजही ‘महल्ले’ ही नागरी कारभाराची सर्वांत खालची पायरी आहे आणि तिचा मुख्तार लोक निवडून देतात. उझबेकिस्तानातही स्थानिक कारभाराचा पाया महल्लाच आहे.

आता ‘रस्ता’ पाहा. हा फारसीतून आला. फारसीत ‘रास्ते’ म्हणजे बाजारातली एकाच धंद्याच्या दुकानांची रांग. आणि आपली ‘आळी’? ती संस्कृत ‘आलि’वरून आली, तिचाही अर्थ रांग, ओळ. पुण्यातली तांबट आळी, बुरुड आळी ही अशीच एका धंद्याच्या घरांची ओळ. म्हणजे इराणच्या बाजारात आणि मराठी गावात माणसांनी एकच गोष्ट पाहिली, एका धंद्याची माणसे ओळीने बसलेली, आणि तिला आपापल्या भाषेत तेच नाव दिले. पुढे आळी वस्तीला चिकटली आणि रस्ता वाटेला.

पुणे या दृष्टीने वाचण्यासारखे शहर आहे. पुण्याचा सर्वांत जुना भाग कसबा. ‘कसबा’ शब्द अरबी आणि त्याच कसब्यात पुण्याचे ग्रामदैवत, कसबा गणपती. गणपतीच्या नावाआधी अरबी शब्द लागला म्हणून पुणेकराला कधी अडल्यासारखे झाले नाही. ‘पेठ’ दक्षिणेकडचा, कन्नडमधल्या ‘पेटे’चा भाऊ. गंज पेठेत तर दोन भाषांतले बाजार शेजारी उभे आहेत. ‘गंज’ फारसी, अर्थ कोठार, बाजार. ‘पेठ’ म्हणजेही बाजार. याच गंज पेठेत जोतीराव आणि सावित्रीबाई राहिले. आज ती महात्मा फुले पेठ आहे.

पुण्यातल्या वारांच्या पेठांनाही आधीची नावे होती. शनिवार पेठ पूर्वी मुर्तजाबाद होती, मंगळवार पेठ शाहिस्तापुरा. पेशवाईत शहर वाढले आणि पेठांना वारांची नावे रूढ झाली. पण ज्या शनिवारवाड्यातून राज्य चालले, त्याच्या उत्तरेकडच्या मुख्य प्रवेशद्वाराला पेशव्यांनी ‘दिल्ली दरवाजा’च म्हटले. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. तो राज्यकारभाराचा विचार होता. बाजार, दरवाजा, रस्ता लोकांच्या तोंडी तसेच राहिले, कारण तोवर ते परके उरलेच नव्हते.

याची दुसरी बाजू आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत दिसते. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकीला वसवलेले हे शहर. पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झाले. मोगलांचे शहर म्हटल्यावर त्याच्या वस्त्यांची नावे फारसी असतील असे वाटते. प्रत्यक्षात तिथे ‘पुरे’ आहेत, जयसिंगपुरा, जसवंतपुरा, करणपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा. मोगल फौजेतले रजपूत आणि बुंदेले सरदार जिथे उतरले त्या या वस्त्या. ‘पुरा’ हे संस्कृत ‘पुर’चे रूप. बेगमपुऱ्यालाही तोच प्रत्यय. म्हणजे मराठ्यांच्या राजधानीत फारसी दरवाजा आणि मोगलांच्या शहरात संस्कृत पुरा. नावावरून धर्म ओळखणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

‘मोमीनपुरा’ हे नाव असेच फसवे आहे. पुणे, नागपूर, मुंबई, तिन्ही शहरांत तो आहे. मोमीन म्हणजे श्रद्धावान, त्यामुळे नाव धर्मावरून पडले असे वाटते. पण मुस्लीम विणकर समाजाला मोमीन म्हणतात. मोमीनपुरा ही मागावर बसणाऱ्यांची वस्ती. तांबट आळीचे नाव धंद्यावरून पडले, मोमीनपुऱ्याचेही तसेच.

मग मोहल्ला वेगळा कधी पडला? कोकणात एकाच गावात वाडी असते आणि मोहल्लाही, दोन्हीकडची माणसे एकाच पाखाडीवरून चढतात-उतरतात. तिथे हा फरक शेजाऱ्यांमधला होता, घराला नाव हवे तसे वस्तीला नाव हवे इतकाच. शब्दाभोवती कुंपण पडले ते दंगलींनी. 1992-93 च्या मुंबईतल्या हिंसाचारानंतर कित्येक मुस्लीम कुटुंबांनी मिश्र वस्त्या सोडल्या आणि मुंब्र्यासारखी ठिकाणे झपाट्याने फुगली. लोक एकत्र राहिले ते हौसेने नव्हे, भीतीने. पुढे याच वस्त्यांकडे बोट दाखवून ‘हे लोक वेगळेच राहतात’ असे म्हटले गेले. भाड्याने घर शोधणाऱ्या मुसलमानाला मिश्र वस्तीत ‘तुमच्याकडच्या भागात बघा’ असे ऐकवले जाते आणि तो मोहल्ल्यात राहिला की तेच त्याचे वैगुण्य ठरते.

पण याच काळात हा शब्द उलट्या अर्थानेही वापरला गेला. 1984 च्या दंगलीत भिवंडी होरपळली होती. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात हिंदूही बसले, मुसलमानही. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. खोपड्यांच्या समितीतला मोहल्ला दोघांचा होता. अरबी मुळातही तो ओझे उतरवणाऱ्या कुणाचाही होता.

जुनी सगळीच नावे जपावीत असे मी म्हणणार नाही. ‘महारवाडा’, ‘मांगवाडा’ ही नावे वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांवर मारलेले शिक्के होते. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. तिथे राहणाऱ्याचा अपमान करणारे नाव गेलेच पाहिजे. पण जे नाव कुणालाच हिणवत नाही, ते केवळ फारसी किंवा अरबी वाटते म्हणून पुसायचे, तर कसब्याचे काय करणार? बाजाराचे आणि रस्त्याचे काय? ती मागणी करणाऱ्यालाही घरी परतायला रस्ताच लागतो.

मला वाटते, ‘मोहल्ला’ हा शब्द मराठीने पुन्हा सर्वांसाठी वापरावा. सुरुवात सोपी आहे. बातमीत पेठ, आळी, नगर यांची जशी नुसती नावे छापतो तसेच मोहल्ल्याचेही छापावे, आणि तिथे कोण राहते हे तिथे जाऊन विचारावे.