काप्रिओ, जुझेप्पे

काप्रिओ, जुझेप्पे : (15 नोव्हेंबर 1914–15 ऑक्टोबर 2005). कॅथलिक कार्डिनल व 1967 ते 1969 या काळात पोपचे दिल्लीतील राजदूत. जन्म इटलीतील लापिओ येथे. 1938 मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा. 1947 मध्ये चीनमधील नानजिंगच्या पोपच्या वकिलातीत रुजू.

दोन वर्षांत तेथे कम्युनिस्टांची सत्ता आली. नव्या राजवटीला रोमशी नाते तोडलेले चर्च हवे होते. बिशप कोणी नेमायचे, हा वादाचा गाभा. पोपचे प्रतिनिधी आंतोनिओ रिबेरी यांनी अशा चर्चसाठी सुरू झालेल्या चळवळीला कॅथलिक चर्चची मान्यता नसल्याचे देशभरच्या बिशपांना पत्राने कळवले. 1951 च्या जूनमध्ये ते नजरकैदेत पडले आणि सप्टेंबरमध्ये पोलिसांनी त्यांना हाँगकाँगच्या सीमेपार घालवले. काप्रिओंनीही तीन महिने नजरकैद भोगली व त्याच वर्षी त्यांची हकालपट्टी झाली. परदेशी असल्याने दोघे सुटले. चिनी पाळकांना ती वाट नव्हती. शांघायचे बिशप कुंग पिन-मेई 1955 मध्ये पकडले गेले, ते 1985 मध्येच तुरुंगाबाहेर आले.

पुढे बेल्जियम, सायगाव आणि 1959 पासून तैपेई येथे काम करून काप्रिओ दिल्लीत आले. येथील पोपची वकिलात आज चाणक्यपुरीत नीती मार्गावर आहे. बिशपपदासाठीची नावे तिच्यामार्फत रोमला जातात, सरकारच्या मंजुरीची गरज नसते. ज्या अधिकारासाठी नानजिंगमध्ये कैद झाली, तो येथे राजदूताच्या नित्याच्या कामाचा भाग होता. त्यांच्या अल्प कारकिर्दीचे खरे महत्त्व यातच आहे. काप्रिओंच्याच काळात, सप्टेंबर 1967 मध्ये, अँजेलो फर्नांडिस दिल्लीचे आर्चबिशप झाले. परदेशी मिशनऱ्यांबद्दलचा संशय मात्र इथेही होता. मनमाड परिसरात शेतकऱ्यांना विहिरी खोदायला मदत करणारे व्हिन्सेंट फेरर यांना 1968 मध्ये देश सोडावा लागला. पण त्यांच्या बाजूने हजारो शेतकऱ्यांना मोर्चा काढता आला आणि फेरर 1969 मध्ये परतले, हा फरक लहान नव्हे.

काप्रिओ 30 जून 1979 रोजी कार्डिनल झाले. त्याच वेळी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तुरुंगातल्या कुंग यांनाही गुप्तपणे कार्डिनल केले; ते नाव 1991 मध्ये जाहीर झाले. बिशपांच्या नेमणुकांबाबत व्हॅटिकन व चीन यांच्यात 2018 मध्ये तात्पुरता करार झाला, तरी बीजिंगमध्ये पोपचा राजदूत अजून नाही.