सुभेदारांचे गाणे

एप्रिलच्या मध्यास आपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या बौद्धवाडीत रात्री मुक्काम केलात, तर ढोलकीच्या तालावर भीमगीते कानी पडतील. जरा लक्ष देऊन ऐका. बाबासाहेबांच्या नावामागून त्यांत आणखी एक नाव येते: सुभेदार रामजी. एका शिपाईगड्याचे नाव गाण्यात कसे आले बरे?

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे रामजी सकपाळांचे मूळ गाव. वडील मालोजी पलटणीत होते. रामजीही पलटणीत गेले, सुभेदार झाले, महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना मज्जाव, त्यांना पलटणीत अक्षर मिळाले, हुद्दा मिळाला. अशी कितीतरी पेन्शनर मंडळी दापोलीच्या कॅम्पात राहत. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. रामजीही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले.

पण १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरतीच बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या बंदूक वाहिलेल्यांना सांगितले, की तुम्ही लढवय्ये नव्हेत! रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने अर्ज तयार केला. त्याचा उपयोग झाला नाही.

बाहेर दार मिटले, तरी घरात सूर होता. रामजी कबीरपंथी. संध्याकाळी मुलांना बसवून अभंग आणि दोहे म्हणवून घेत. शिस्त पलटणीचीच, त्यातून सुटका कुणाची नाही! शिकवणीच्या पुस्तकांसाठी पैसे नसले, तर लेकींकडे हात पसरायलाही ते लाजत नसत.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. त्याच वर्षी जुलैत भीमराव अमेरिकेस पोचले. ते पाहायला वडील नव्हते. पुढे १९२३ साली लंडनमध्ये निघालेला रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. अन् १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. बापाचा अर्ज जणू लेकाने पुरा केला.

तोवर जलसे गावोगाव फिरू लागले होते. मागाहून वामनदादा कर्डकांसारखे कवी आले, जात्यावरच्या बायाही गाऊ लागल्या. सुभेदारांना ना पुतळा लागला, ना पदक. ज्यांनी मुलांना गायला शिकवले, त्यांना लोकांनी गाण्यातच ठेवले. पुढच्या खेपेस ढोलकी वाजली, की ते नाव आपणही ओळखाल.