बाबासाहेबांना आज ही शिष्यवृत्ती मिळाली असती का?

परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचा विषय निघाला की आपल्यातले बरेच जण तिच्याकडे सरकारची मेहेरबानी म्हणून पाहतात. विरोधक तर 'फुकटचे पैसे' म्हणून मोकळे होतात. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि इतिहास नीट वाचला तर ते टिकत नाहीत. पदव्युत्तर शिक्षणासाठी, विशेषतः विकासाच्या अभ्यासासाठी बाहेर जाऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींनी अर्ज भरण्याआधी हा इतिहास वाचावा, असे आम्हाला वाटते.

४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, कोलंबिया विद्यापीठात शिक्षण आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. सयाजीराव गायकवाडांचे ऋण आपण मानतोच. पण ते दान नव्हते, तो दोन बाजूंचा करार होता, हे विसरून चालणार नाही. बाबासाहेबांनी आपली बाजू कशी पाळली? १९१५ मध्ये एम.ए., लगेच पुढचा प्रबंध, १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते १९१७ मध्ये परतले आणि करारानुसार बडोद्यात नोकरीवर रुजू झाले.

मग करार मोडला कोणी? कार्यालयात शिपाई दुरून कागद टाकत होते. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच संपली. 'आरक्षणवाले शिकतात आणि समाजाला काही परत देत नाहीत' असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचे उत्तर द्यावे. विद्यार्थी परत आला होता, त्याला ठेवून घेण्याची लायकी समाजात नव्हती.

लंडनचे अर्धवट शिक्षण पूर्ण करायला दुसऱ्यांदा शिष्यवृत्ती मिळाली नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज, एवढ्यावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. म्हणजे जगाने गौरवलेले हे शिक्षण एका राजाची मर्जी, दुसऱ्या राजाची मदत आणि एका मित्राचा विश्वास यांवर उभे होते. यातला एक जरी धागा तुटला असता तरी सगळेच थांबले असते. एका माणसाचे नशीब म्हणून हे ठीक आहे, पण कोट्यवधींच्या समाजाला नशिबावर सोडता येत नाही.

हे बाबासाहेबांइतके कोणाला कळणार? म्हणूनच १९४२ मध्ये व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात उच्च शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना आली. राजाच्या मर्जीची जागा नियमाने घेतली. आपल्या दृष्टीने ही फार मोठी क्रांती आहे.

पण नियम कोण लिहितो, हा प्रश्न तिथून सुरू होतो. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेला आपला माणूस केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेला. तो परत आला १९९० च्या कायदादुरुस्तीने. ३४ वर्षे! दोन पिढ्यांनी धम्म स्वीकारल्याची किंमत मोजली. आजही केंद्राच्या योजनेसाठी बौद्धांना वेगळ्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. राज्याचा दाखला पुरेल असे समजून शेवटच्या आठवड्यात धावपळ करणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. तेव्हा हे काम आधी करा, विद्यापीठाचा शोध नंतर घ्या.

आता मुख्य मुद्दा. २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमावलीत एक अट घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांवरील अभ्यासक्रम व संशोधन यांना शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण काय सांगितले? या विषयांची साधने आणि तज्ज्ञ भारतातच आहेत, त्यासाठी बाहेर जायची गरज नाही.

ही अट बाबासाहेबांच्या अर्जाला लावून पाहू. कोलंबियातला एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर, म्हणजे इतिहास. बाद. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचलेला 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध, म्हणजे भारताचा सामाजिक अभ्यास. बाद. प्रांतिक वित्तव्यवस्था आणि रुपयाचा प्रश्न हे अर्थशास्त्राचे विषय कदाचित वाचले असते, तेही तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात आले तर. एका संस्थानिकाने १९१३ मध्ये जे स्वातंत्र्य दिले, ते प्रजासत्ताकाचे सामाजिक न्याय खाते नाकारते!

काही जण म्हणतील, १९४२ च्या निवेदनात खुद्द बाबासाहेबांनीच विज्ञान आणि तंत्रशिक्षणावर भर दिला होता. बरोबर आहे. ती दारे आपल्याला पूर्ण बंद होती, म्हणून ती आधी उघडा असे ते म्हणत होते. एक दार उघडायचे म्हणून दुसरे बंद करा असे त्यांनी कधीच म्हटले नाही. १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, त्यात कला शाखा होती. राहिला 'साधने इथेच आहेत' हा दावा. साधने इथे आहेत, पण त्या साधनांवर मालकी कोणाची? जातीवर बोललेले रुचत नाही अशा मार्गदर्शकाच्या हाताखाली जातीवर प्रबंध लिहून पाहा, म्हणजे कळेल.

विकासाच्या अभ्यासाचा आपल्याशी काय संबंध, असेही विचारले जाते. 'अविकसित प्रदेश' ही भाषा ट्रूमन यांच्या १९४९ च्या भाषणानंतर जगभर रुळली. त्याच्या ३१ वर्षे आधी, १९१८ मध्ये, बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान आहे हे खरे दुखणे नाही, त्यावर लागणारे भांडवल कमी आणि अवलंबून असलेली माणसे जास्त आहेत, म्हणून उद्योग वाढवा, असे त्यांनी मांडले. हा विकासाचाच अभ्यास होता. आणि आज? संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. त्यांत वंश आहे, लिंग आहे, धर्म आहे, अपंगत्व आहे. 'जात' हा शब्द नाही. तो शब्द तिथे कोण नेणार? आपणच ना?

म्हणून अर्ज करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे. फक्त केंद्राच्या योजनेवर विसंबू नका. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या ७५ जागा आहेत. ब्रिटनची चेवनिंग आहे, तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. तिच्या निबंधांत नेतृत्व, लोकांशी बांधलेले संबंध, निवडलेला अभ्यासक्रम आणि पुढची योजना विचारली जाते. आपली मुले तिथे घरच्या गरिबीची कहाणी लिहितात आणि वस्तीत केलेले काम दोन ओळींत उरकतात. उलटे करा. अभ्यासिका चालवली, रेशन कार्डांसाठी मोर्चा काढला, सफाई कामगारांची पाहणी केली, किती घरे, किती महिने, काय बदलले, हे लिहा. गरिबी ही आपली परिस्थिती आहे, काम हा आपला पुरावा आहे.

पण चांगला अर्ज लिहून प्रश्न संपत नाही. २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत १०६ जणांची निवड झाली आणि पहिल्या टप्प्यात फक्त ४० जणांना पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास पाहू असे सांगण्यात आले. विद्यापीठाचा प्रवेश निधीची वाट पाहत थांबत नाही. तेव्हा मागण्या स्पष्ट असू द्या. २०२२ ची विषयबंदी रद्द करा. निवड झालेल्या प्रत्येकाला सत्र सुरू होण्याआधी पत्र आणि पैसे द्या. आणि आपण आपल्याकडून प्रत्येक तालुक्यात एक गट उभा करू, जो दाखल्यांपासून निबंधापर्यंत अर्जदाराच्या सोबत राहील. बाबासाहेबांच्या पाठीशी भथेना नावाचा एक मित्र होता. आज हजारो पदवीधर असलेल्या समाजाने आपल्या मुलांसाठी तेवढे तरी व्हायला हवे.

जय भीम!