डीबग मॅक्रो: ‘चालतंय ना, मग राहू दे’ या मताचं खंडन

ड्रायव्हरच्या कोडमधल्या डीबग मॅक्रोंची साफसफाई, म्हणजे घरचे मॅक्रो काढून लिनक्स कर्नलचे वापरणं, ही नुसती रंगसफेदी, असं मानणारे मुरलेले प्रोग्रामरही पुष्कळ आहेत. डीबग बंद असलं की मॅक्रो रिकामा, भार शून्य. मग चालत्या कोडला हात कशाला लावायचा, असा त्यांचा सवाल असतो.

भार शून्य, हे मान्य. पण रिकाम्या मॅक्रोच्या कंसात काय लिहिलंय ते कंपायलरला दिसतच नाही. मध्यंतरी कुणी व्हेरिएबलचं नाव बदललं तरी तक्रार येत नाही. ती येते नेमकी बिघाड शोधायला डीबग चालू करावं तेव्हा, कारण कोड कंपाइलच होत नाही. लिनक्स कर्नलचा पीआर_डीबग मॅक्रो मात्र बंद असतानाही कंसातला मजकूर तपासून घेतो आणि मगच गाळतो.

नावांची टक्कर याहून वाईट. ‘डीबग’ हे नाव डिफाइन झालंय की नाही, एवढंच कर्नलचं हेडर पाहतं. ड्रायव्हरने त्याच नावाचा घरचा मॅक्रो हेडरच्या आधी लिहिला, की त्याचा अर्थ काहीही असो, त्या फाइलमधले सगळे पीआर_डीबग छापू लागतात. यूएसबीच्या हेडरमधला ‘डीबीजी’ मॅक्रो २०१२ साली काढला गेला, तो उगाच नव्हे. त्याच्या जागी आलेला डेव्ह_डीबीजी संदेश कोणत्या उपकरणाचा, हेही सांगतो.

साफसफाईतच नव्या चुका शिरतात, हा विरोधकांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. समजा, कंसात चिपचं असं रजिस्टर वाचलं जातंय, जे वाचताच कोरं होतं. मग डीबग चालू असताना ड्रायव्हर एक वागणार, बंद असताना दुसरंच. पण हा दोष साफसफाईने आणलेला नाही, तो आधीपासून दडलेला होता; साफसफाईत तो उघडा पडतो, एवढंच. म्हणून स्क्रिप्ट चालवून सरसकट बदल करू नयेत. एकेक कंस वाचूनच हात घालावा.

२००९ साली कर्नलच्या २.६.३० आवृत्तीत डायनॅमिक डीबग आलं. कवठे महांकाळच्या द्राक्षबागेत ठिबकच्या प्रत्येक प्लॉटला वेगळा व्हॉल्व्ह असावा, तशी कर्नलच्या मॅक्रोने लिहिलेली प्रत्येक डीबग ओळ चालत्या यंत्रावर स्वतंत्रपणे उघडता येऊ लागली. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपचं वायफाय रुसलं, तर कंट्रोल फाइलमध्ये एक ओळ लिहून तो लॉग मिळवू शकतो आणि ड्रायव्हर सांभाळणाऱ्याला पाठवू शकतो. घरचा मॅक्रो वापरणारा ड्रायव्हर मात्र त्याला बहुतेक वेळा सोर्स उतरवून मॉड्यूल पुन्हा बांधायला लावतो. तिथे पुष्कळ जण नाद सोडतात, आणि ड्रायव्हरमधली चूक कुणाला कळतच नाही.