फुरशाचे मोल

वडनेर भोलजीचे शेत असो की कोकणचा कातळ, फुरसे दिसले की दगड उचलायचा, ही आपली जुनी रीत. इंग्रज सरकारने तर त्यावर इनाम लावले. रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ च्या डिसेंबरात आठवड्याभरात लाखावर फुरशी मारली गेली. तरी फुरसे संपले नाही, अन् दंशही थांबले नाहीत.

उतारा निघाला तो त्याच्याच विषातून! मुंबईच्या हाफकिन संस्थेत सापाचे विष घोड्याला थोडे थोडे टोचून, त्याच्या रक्तातून सर्पदंशावरची लस बनू लागली. त्यासाठी साप जिवंतच लागतो. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सापांना संरक्षणही दिले.

तेव्हा गुरुजी, मुलांना सांगा : साप दिसला तर दूर व्हा, मारू नका. चावलाच, तर मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठा.