खाट कोणाची?

अजिंठ्याच्या डोंगररांगांतील वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. आज येथे घर घेणारा माणूस खरेदीखत, सातबारा, फेरफार तपासतो. जागा आपली झाली, हे त्याला कागद सांगतो. याच गावी १९३९ साली मिळालेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मालकीची जरा निराळी कल्पना देतो. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील, राजाच्या ३७व्या राज्यवर्षातील हा लेख. नांदीकड, म्हणजे नांदेड, भागातील आकासपद्द हे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची त्यात नोंद आहे. विक्री नव्हे, दान. राजाची वंशावळ संस्कृतात आहे. प्रत्यक्ष व्यवहार मात्र प्राकृतात.

सवलतींची यादी मुळातून वाचावी अशी आहे. सैनिकांनी गावात शिरू नये, फुले आणि दूध घेऊ नये, खाट व शिजवलेले अन्न मागू नये. एरवी हे सारे मागितले जात असणार, हे उघड आहे! अशा काळात, आपली खाट दुसऱ्यासाठी रिकामी करावी न लागणे हीच घराची खरी मालकी, असे मला वाटते. राजाचा शिपाई वेशीवर थांबला खरा. पण आकासपद्दची जमीन कसणाऱ्यांनी पुढे दूध कोणाच्या दारी पोचवले, हे ताम्रपट सांगत नाही.